दुकानातली चाल

आमची बारकी सकाळी मुलांच्या नृत्यवर्गात पियानो वाजवते आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या लॉबीत. तिशी ओलांडली तरी घरात ती बारकीच. नृत्यवर्गात ताल सोडून चालत नाही आणि लॉबीत कुणाचं लक्ष वेधून चालत नाही. हॉटेलच्या मॅनेजरने सुरुवातीलाच बजावलं होतं की वाजवणं असं हवं, लोकांना बरं तर वाटावं पण मान वळवून कुणी बघू नये. “म्हणजे एसीसारखं,” बारकी म्हणाली. “बरोबर, तसंच,” मॅनेजर म्हणाला. त्याला तो विनोद वाटलाच नाही.

ती तिथे नेमकं काय वाजवते हे त्याला अजून ठाऊक नाही. पाहुण्यांना वाटतं, असेल काहीतरी जुनं अभिजात. प्रत्यक्षात ते असतं तिच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेममधलं संगीत, तिने स्वतः पियानोसाठी बसवलेलं. अधूनमधून एखादा चाळिशीचा माणूस चाकांची बॅग ओढत लिफ्टकडे निघालेला असतो आणि मध्येच थबकतो. कपाळाला आठ्या घालून उभा राहतो. कुठे ऐकलंय, कुठे ऐकलंय. त्याला आठवत नाही. लिफ्ट येते, तो जातो. बारकी त्या दिवशी घरी येते तेव्हा तिची चप्पल दारातून आत उडालेली असते, इतकी ती खुशीत असते.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्या जुन्या गेमच्या यंत्रांना एका वेळी तीनच सूर काढता यायचे, आणि चौथी एक खरखर, ती ढोल म्हणून खपवली जायची. पण यंत्राला बोटं नसतात. त्याचा खालचा सूर एका झटक्यात या टोकावरून त्या टोकाला उडी मारतो, मधला सूर न थकता धावत राहतो. हे सगळं दोन हातांत बसवायचं म्हणजे, बारकीच्या भाषेत, तीन भांडखोर भाडेकरू एका खोलीत ठेवायचे. कुणाला खिडकी द्यायची, कुणाला दाराशी झोपवायचं ते ठरवायचं. त्यासाठी ती एकेक सूर वेगळा गुणगुणत घरभर फिरते. भाजी चिरताना खालचा, केस विंचरताना मधला. तिच्या बाबांना आता ते ओळखू येतं. “आज तळमजल्याचं काम चालू आहे,” ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगतात.

या सगळ्या खेळांत तिचा जीव अडकलेला खेळ एकच. माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने एका सुट्टीत भाचीसाठी ते यंत्र आणि सोबत तो खेळ आणून दिला. छत्री घेतलेला एक बुटका उंच उंच इमारतींच्या गच्च्यांवरून धावतो. वरून काय वाट्टेल ते पडत असतं, कुंड्या, पाट्या, विटा. कोपऱ्यात वेळ संपत आलेला दिसतो. दोन इमारतींच्या मध्ये एक दुकान लागतं. तिथे टक्कल पडलेला एक दुकानदार मिशा हलवत उभा असतो आणि नव्या छत्र्या विकतो. त्या दुकानाची म्हणून एक छोटीशी चाल आहे. ती संपली की पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा संपते, पुन्हा सुरू होते. तिला शेवट नाहीच. गिऱ्हाईक बाहेर पडलं की ती मध्येच तुटते.

आमच्या घरात त्या चालीचं नावच दुकान पडलं. बारकी पियानोवर बसली की तिचे बाबा विचारणार, “काय, दुकान उघडलं?” आणि जेवायची वेळ झाली की, “दुकान बंद कर आता.”

मागच्या हिवाळ्यात एका प्रकाशक बाईंनी तिला लॉबीत ऐकलं. त्या पियानोच्या स्वरलिपीची पुस्तकं काढतात. त्यांनी विचारलं, एका खेळाचं सगळं संगीत मिळून पुस्तक होईल का. बारकीने छत्रीवाल्याचं नाव घेतलं. खेळ काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण संगीताचे हक्क ज्याने ते रचलं त्याच्याकडेच राहिले होते. संगीतकार हयात होते, निवृत्त होऊन दुसऱ्या शहरात राहत होते. बाईंचं म्हणणं सरळ होतं: त्यांनी हो म्हटलं तर पुस्तक, नाही म्हटलं तर नाही. बारकीला आयुष्यात कुणी तिच्या नावाचं पुस्तक काढू म्हटलं नव्हतं. एसीसारखं वाजवणाऱ्या माणसाला कोण म्हणतं?

तिने संगीतकारांना फोन लावला तेव्हा मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. ती उभी राहून बोलत होती, शाळेत बाईंसमोर उभी राहायची तशी. पलीकडून ते बरंच काही विचारत होते. आपलं संगीत कुणाला आठवतंय याचंच त्यांना नवल वाटत असावं. कानाच्या डॉक्टरांकडे ते आमच्या शहरात येणारच होते, तेव्हा हॉटेलात येऊन ऐकतो म्हणाले. बारकी हसत होती. मग त्यांनी विचारलं असावं की दुकानाची चाल म्हणजे नक्की कुठली, आणि त्यांनी ती फोनवर गुणगुणून दाखवली. माझ्यापर्यंत फक्त बारीक किरकिर आली. पण बारकीचं हसू होतं तिथेच राहिलं आणि त्याच्या मागचा चेहरा उतरला. “हो सर, तीच,” ती म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्या घड्या केलेल्या कपड्यांवरच बसली.

“आई, ती जलद आहे.”

मला काही कळेना. तिने मग समजावून सांगितलं. त्या यंत्राचं घड्याळ टीव्हीशी बांधलेलं असायचं. ज्या देशांतले टीव्ही आपल्यासारखे, त्यांच्यासाठी बनवलेल्या यंत्रात खेळ जरा संथ व्हायचा, संगीतासकट. मूळ बुटका सहा पावलं टाकायचा तेवढ्या वेळात आमच्या घरातला पाच टाकायचा. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या खेळांच्या चाली, अगदी या खेळातल्या गच्चीवरच्या चालीसुद्धा, तिने मूळ गती शोधून बसवल्या होत्या. फक्त दुकानाच्या बाबतीत ते तपासायचं तिला सुचलंच नाही. घरातल्या माणसाचा आवाज खरंच असा आहे का, हे कुणी तपासतं का? वर तिने ती चाल आणखी ओढून, लांब स्वर धरून, दोन सुरांच्या मध्ये जागा ठेवून बसवली होती. पुस्तकातलं तिचं सगळ्यात आवडतं काम तेच होतं, प्रकाशक बाईंचंही.

“मग जलद वाजव,” मी म्हटलं.

“वाजव म्हणे. डावा हात पोचायला नको?”

त्यानंतरचा आठवडा आम्ही तिघांनी कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. ती नृत्यवर्गातून आली की पियानोवर. दुकान आता धावत सुटायचं, मध्येच ठेचकाळायचं, शिवी ऐकू यायची, पुन्हा पहिल्यापासून. तिने डाव्या हाताचे सूर कमी केले, मग पुन्हा घातले, मग पुन्हा काढले. मनगट दुखायला लागलं तसं ती गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायची आणि दुसऱ्या हाताने टेबलावर वाजवत राहायची. घास तोंडापाशी नेऊन विसरायची. मी एकदा म्हटलं की त्यांना सरळ सांग, ही माझी पद्धत आहे. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पातेलं उचलून निघून आले. “परवानगी मागायला चाललोय आपण,” ती मागून म्हणाली, “नोटीस द्यायला नाही.” तिचे बाबा इतके दिवस दुकानाची चेष्टा करत आले, पण त्या आठवड्यात त्यांनीही तो शब्द काढला नाही.

शेवटपर्यंत मला कळलं नाही की ती कसं वाजवणार आहे. विचारायची सोय नव्हती. मी हॉटेलात यायचं नाही असंही तिने बजावलं होतं. मी म्हटलं, मी लांब बसून चहा पिईन, तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही. “तू श्वास घेतलास तरी मला ऐकू येतो,” ती म्हणाली. पण नको असं पुन्हा म्हणाली नाही, म्हणून मी गेले.

दुपारची वेळ होती. लॉबीत गर्दी नव्हती. काचेच्या दारापाशी दरवान, काउंटरवर एक मुलगी, मोठ्या कुंडीच्या आडोशाला मी आणि माझा चहा. संगीतकार काठी टेकत आले. वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणे, कोट एका खांद्यावर घसरलेला. बारकीने त्यांची खुर्ची आधी पियानोच्या डावीकडे ठेवली होती. त्यांनी उजव्या कानाला हात लावून याने ऐकू येत नाही असं दाखवल्यावर तिने ती उचलून दुसऱ्या बाजूला नेली.

आधी तिने गच्चीवरच्या चाली वाजवल्या. त्या चांगल्या झाल्या. म्हाताऱ्यांची काठी जमिनीवर हलकेच ताल धरत होती. एका ठिकाणी वरच्या पट्ट्यांवर तिने विटा पडल्याचा आवाज काढला तेव्हा ते मोठ्याने हसले. काउंटरवरच्या मुलीने वर पाहिलं. मॅनेजरच्या खोलीचं दार किलकिलं झालं. मग बारकीने हात मांडीवर ठेवले, पुसले, पुन्हा पट्ट्यांवर ठेवले.

तिने ती संथ वाजवली. आमच्या घरातली.

काठी थांबली. एक आवर्तन संपून दुसरं सुरू होत होतं तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“हे काय आहे?”

“दुकान, सर.”

“माझ्या दुकानात छत्र्या विकायच्या होत्या. इथे तर कुणीतरी गेलेलं दिसतंय.”

बारकीने यंत्राचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तुम्ही फोनवर गुणगुणेपर्यंत मलाच कळलं नव्हतं, हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं की चूक कळली तर दुरुस्त का नाही केली. “केली आहे,” ती म्हणाली, आणि तिने ती त्यांच्या गतीने वाजवली. आठवडाभर ठेचकाळलेली ती चाल त्या क्षणी कुठेही अडली नाही. हलकी, नाचरी, दुकानदाराच्या मिशांसारखी. म्हातारे खुर्चीत पुढे सरकले. डोळे चमकत होते.

“हे,” ते म्हणाले. “हे छापा. माझी हरकत नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. मी चहाचा कप उचललासुद्धा. आणि मग बारकीचं बोलणं माझ्या कानावर आलं. ती म्हणत होती की हे वाजवता येतं हे तुम्हाला दाखवायचं होतं, पण छापायची परवानगी मला पहिलीची हवी आहे.

“पहिली माझी चाल नाही.”

“म्हणूनच विचारतेय.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर दुकानाशिवाय पुस्तक निघेल. पण प्रकाशक बाई तसं काढणार नाहीत. म्हणजे निघणार नाही.”

होकार हातात आला होता. बशीत ठेवून समोर आला होता, आणि ती तो परत सारत होती. मला उठून तिचे खांदे धरून हलवावंसं वाटलं. म्हाताऱ्यांनी काठीची मूठ धरली. मग उठले, कोट नीट केला, म्हणाले की तुम्ही फार छान वाजवता, आणि दाराकडे निघाले. बारकी उभी राहिली, पण त्यांच्या मागे गेली नाही.

मी गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. खरं तर माफी मागणार होते. पोर हट्टी आहे, तिचं मनावर घेऊ नका, ती तुमचंच वाजवेल, असलं काहीतरी. दरवानाने टॅक्सीसाठी हात केला होता. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

“तुम्ही कोण?”

“मी तिची आई. आत चहा पीत होते.”

“तुम्हीच सांगा मग. तिला ती रडवी चाल कशाला हवी?”

मला खोटं सुचलं नाही. मी सांगितलं की ती आठ वर्षांची होती तेव्हा तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करताना वरून पडले. कित्येक महिने इस्पितळात होते. मी नोकरी आणि इस्पितळ यांच्यामध्ये धावत होते, आणि शाळा सुटल्यावर पोर घरी एकटी. शेजारच्या काकू मधून मधून डोकावायच्या. ती तो खेळ लावायची आणि दुकानात जाऊन थांबायची. खेळायची नाही. मी एकदा विचारलं होतं की पुढे का जात नाहीस, तर म्हणाली, इथे वरून काही पडत नाही. दुपारभर ती तिथेच बसून राहायची, चाल चालू ठेवून. मी परत यायचे तेव्हा ती मला जिन्यातच ऐकू यायची. ऐकू आली की कळायचं, पोर आहे, ठीक आहे. मग मी उरलेला जिना जरा दमाने चढायचे. मला तरी ती रडवी कधी वाटली नाही, मी म्हटलं. मला ती तिच्या असण्याचीच खूण वाटायची.

टॅक्सी येऊन उभी राहिली होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“दुकानात कुणी थांबेल असं मी धरलंच नव्हतं,” ते म्हणाले. “छत्री घ्यायची आणि निघायचं. म्हणून तर एवढीशी केली. जेवायच्या सुट्टीत केली, बाई.” मग त्यांनी विचारलं, “आणि तिचे वडील?”

“घरी आहेत. थोडे लंगडतात. चाल जरा संथ झाली आहे, एवढंच.”

हे मी मुद्दाम बोलले नव्हते. पण ते ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता रागावणार. रागावले नाहीत. दरवानाला म्हणाले, याला थांबायला सांग.

काचेच्या दारातून बारकीने सगळं पाहिलं होतं. आम्ही आत आलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर काही बरी नव्हती. मॅनेजर तिच्यापाशी उभा राहून सांगत होता की आज जरा जास्तच लक्ष जातंय. म्हातारे त्याच्या बाजूने वाट काढून पुन्हा त्याच खुर्चीत बसले. काठी आडवी मांडीवर ठेवली.

“पहिली वाजवा. मी मध्ये बोलणार नाही.”

“याला शेवट नाहीये, सर. किती वेळा वाजवू?”

“गिऱ्हाईक दुकानात आहे तोवर.”

तिने सुरुवात केली. मी कुंडीआड परत गेले नाही, खांबापाशीच उभी राहिले. पहिलं आवर्तन झालं. दुसरं झालं. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, डोळे मिटलेले. बाहेर टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न दिला. तिचा डावा हात खालच्या सुरावरून वरच्या सुराकडे जाताना मनगटापाशी ताठ होत होता. मला ते दिसत होतं आणि मी ओठ चावत होते. आणखी एकदा झालं. मॅनेजर काहीतरी बोलायला पुढे सरकला आणि कसा कोण जाणे, तिथेच थांबला. पुढची आवर्तनं मी मोजली नाहीत. माझा सगळा जीव त्या काठीत होता, की ती जमिनीला कधी टेकते.

ती टेकली तेव्हा चाल मध्येच होती. बारकीने तिथेच हात उचलले.

म्हातारे उभे राहिले. “छापा,” ते म्हणाले. “गती तुमची लिहा. पण खाली बारीक अक्षरांत एक ओळ टाका की मूळ चाल याहून जलद आहे. नाहीतर माझे जुने सहकारी फोन करकरून मला छळतील की म्हातारा झोपेत वाजवायला लागला.”

बारकीला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. ती “हो सर” म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली. ते गेल्यावर मी जवळ गेले तर तिने हळू आवाजात विचारलं, “काय काय सांगितलंस त्यांना?”

“जिन्यातलं.”

“मला कधी सांगितलं नाहीस ते.”

मला वाटलं होतं तिला ते माहीत असेल. मी तसं म्हटलं. तिने नाही अशी मान हलवली आणि मनगट दुसऱ्या हातात धरून दाबत राहिली. संध्याकाळची पाळी अजून वाजवायची होती. मी म्हटलं, आज सुट्टी माग. “मिळणार नाही,” ती म्हणाली. “तू जा घरी. बाबांना सांग.”

पुस्तक आता छपाईच्या आधीच्या कामात आहे. तिच्या मनगटाला पट्टा बांधायला सांगितला आहे, तो ती बांधत नाही. आणि त्या बारीक अक्षरांतल्या ओळीवरून तिचं आणि प्रकाशक बाईंचं रोज फोनवर चाललेलं असतं. बाई म्हणतात, “मूळ चाल याहून जलद आहे” एवढं पुरे. बारकीला तिथे “मूळ” हा शब्द नको आहे. दुसरा कुठला घालायचा, ते मात्र तिला अजून सुचलेलं नाही.